टेक्स्ट एडिटर आणि अधिकारांचे प्रत्यायोजन

संसदेत किंवा विधिमंडळात मांडलेले एखादे दुरुस्ती विधेयक सामान्य नागरिकाने हाती घेतले, तर त्याची बहुधा निराशाच होते. नवा कायदा काय म्हणतो हे त्याला जाणून घ्यायचे असते आणि वाचावे लागते ते असे : मूळ अधिनियमाच्या अमुक कलमाच्या पोटकलम (२) मध्ये 'तीस दिवस' या मजकुराऐवजी 'साठ दिवस' हा मजकूर दाखल करण्यात येईल, खंड (ग) वगळण्यात येईल, पोटकलम (४) नंतर पुढील परंतुक समाविष्ट करण्यात येईल. हा कायद्याचा मजकूर नव्हे. मजकुरावर कोणती क्रिया करायची याच्या त्या आज्ञा आहेत. मूळ अधिनियम शेजारी ठेवून कोणीतरी त्या क्रमाने अमलात आणल्या, म्हणजे मग नवा मजकूर तयार होतो.

संगणकावर मजकूर लिहिण्या-सुधारण्याची जी साधने आहेत, ज्यांना आपण टेक्स्ट एडिटर म्हणतो, त्यांतील एका थोर घराण्याची सुरुवात नेमकी याच पद्धतीने झाली हे मला बऱ्याच उशिरा समजले. तो इतिहास प्रशासनात काम करणाऱ्यांनी वाचावा असा आहे, कारण त्यात यंत्राइतकाच विचार अधिकाराचा आहे. लिहिण्याच्या साधनात भर घालण्याचा अधिकार कोणाला असावा : साधन बनवणाऱ्याला, संगणक विभागाला, की रोज त्यावर काम करणाऱ्या माणसाला?

१९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत डॅन मर्फी यांनी पीडीपी-१ या संगणकासाठी 'टेको' नावाची आज्ञावली लिहिण्यास प्रारंभ केला. 'टेप एडिटर अँड करेक्टर' हे तिचे पूर्ण नाव. त्या काळी मजकूर भोके पाडलेल्या कागदी फितीवर साठवला जाई. संगणकासमोर बसून विचार करत दुरुस्त्या करणे परवडणारे नव्हते, कारण यंत्राचा एक तास माणसाच्या एका तासापेक्षा कितीतरी महाग होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात काही नवल वाटणार नाही. महाग घटकाची काटकसर करायची आणि स्वस्त घटक सढळ हाताने वापरायचा, हा साधा व्यवहार आहे. तेव्हा दुरुस्तीच्या आज्ञा अगोदर वेगळ्या तयार करायच्या आणि यंत्राने त्या मूळ फितीवर लागू करून नवी फीत काढायची, अशी योजना झाली. आपल्या दुरुस्ती विधेयकाची रीत आणि टेकोची रीत एकच.

पुढे फिती गेल्या, नावातील 'टेप'च्या जागी 'टेक्स्ट' आले, पण टेकोचा स्वभाव बदलला नाही. तिच्यात एकेक अक्षर म्हणजे एकेक आज्ञा होती. आज्ञा पुन्हा पुन्हा करण्याची, अट घालण्याची, आकडे आणि मजकूर बाजूला जपून ठेवण्याची सोय होती. म्हणजे ती नुसती लेखणी राहिली नव्हती, प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा झाली होती. आपले नाव आज्ञा म्हणून टंकायचे आणि मजकुराचे काय होईल ते आधी ओळखायचे, असा एक खेळ तिच्या वापरकर्त्यांत रूढ होता. टेकोचे लिखाण इतके दुर्बोध असे की, काही काळानंतर लिहिणाऱ्यालाही ते उलगडत नसे. (आमच्या काही जुन्या परिपत्रकांची आठवण वाचकांना झाल्यास तो माझा दोष नव्हे.)

सत्तरच्या दशकात पडदा असलेली टर्मिनले आली आणि सापेक्ष किमती बदलल्या. आता माणूस मजकूर डोळ्यांसमोर ठेवून काम करू शकत होता. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत कार्ल मिकेल्सन यांनी टेकोला पडद्यावर काम करण्याची एक रीत जोडली होती. रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने ती नव्याने लिहिली आणि तिच्यात एक लहानशी वाटणारी सोय केली : कळफलकावरील कोणतीही कळ दाबली असता आपण स्वतः लिहिलेली टेको आज्ञावली चालावी.

या एका सोयीने सगळे चित्र पालटले. तोवर कोणती कळ काय करते हे एडिटर बनवणारा ठरवी. आता ते वापरणारा ठरवू लागला. प्रयोगशाळेतील प्रत्येकाने आपापल्या गरजेच्या आज्ञावल्या लिहिल्या आणि त्या आपापल्या कळांना बांधल्या. ज्याचे काम लिस्प भाषेतील प्रोग्रॅम लिहिण्याचे, त्याने कंस जुळवणारी आज्ञावली केली. ज्याचे काम लेख लिहिण्याचे, त्याने परिच्छेद नीट बसवणारी केली. एडिटर बनवणाऱ्याची परवानगी लागत नव्हती आणि त्याची वाटही पाहावी लागत नव्हती.

मात्र याचे जे व्हायचे तेच झाले. दोन-तीन वर्षांत प्रत्येकाचा एडिटर निराळा झाला. एकाच्या टर्मिनलवर दुसरा बसला की त्याला साधी ओळ खोडता येईना. ज्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून काम केले आहे त्यांना ही अवस्था ठाऊक असेल : नोंदवही तीच, पण दर तालुक्यात रकाने वेगळे. जमिनीच्या नोंदींसाठी आपल्याकडे मुंबई इलाख्यात अँडरसन यांचे मॅन्युअल होते, आणि एकाच नमुन्याचा सातबारा कोकणातल्या माणसालाही कळतो नि खानदेशातल्यालाही. एमआयटीत हे एकत्रीकरणाचे काम १९७६ साली गाय स्टील यांनी हाती घेतले आणि स्टॉलमन यांनी पूर्णत्वास नेले. त्या एकत्र केलेल्या संग्रहाचे नाव 'ईमॅक्स', म्हणजे 'एडिटिंग मॅक्रोज'.

या एकत्रीकरणात एकसारखेपणासाठी स्वातंत्र्य काढून घेतले गेले नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मूळ कळांचा अर्थ सर्वांसाठी एक ठरला, पण स्वतःची आज्ञावली लिहून तिला नाव देण्याचा आणि ती एडिटरच्या आतूनच बोलावण्याचा अधिकार प्रत्येकाकडे राहिला. दोन बंधने तेवढी आली. पहिले असे की, प्रत्येक आज्ञावलीसोबत ती काय करते याचे वर्णन असावे आणि 'ही कळ काय करते?' असे एडिटरलाच विचारता यावे. दुसरे असे की, ज्याने सुधारणा केली त्याने ती सर्वांसाठी परत द्यावी. स्टॉलमन याला 'ईमॅक्स कम्यून' म्हणत. आपल्या भाषेत सांगायचे तर हे अधिकारांचे प्रत्यायोजन होते. सोबत स्पष्टीकरणात्मक ज्ञापन होते आणि झालेले काम वर कळवण्याची अटही होती.

यापुढचा प्रसंग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. १९७८ साली हनीवेल कंपनीत बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी ईमॅक्स नव्याने लिहिला. त्यांनी टेकोला फाटा दिला आणि एडिटर लिस्प भाषेत लिहिला. वापरणाऱ्याने भर घालायची तीही लिस्पमध्येच. लिस्प टेकोपेक्षा पुष्कळ वाचनीय. ग्रीनबर्ग यांच्या कार्यालयातील सचिव महिला, म्हणजे टंकलेखन व पत्रव्यवहार सांभाळणारा कर्मचारीवर्ग, हा एडिटर वापरू लागल्या. त्यांच्यासाठी केलेल्या पुस्तिकेत एडिटरमध्ये स्वतःची भर कशी घालावी हे दिले होते. पण याला 'प्रोग्रॅमिंग' म्हणतात, हे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. प्रोग्रॅमिंग हे आपले काम नव्हे अशी समजूत असलेल्या त्या महिला ते वाचून घाबरल्या नाहीत. त्या सरळ आज्ञावल्या लिहू लागल्या. स्टॉलमन यांनी ही हकीकत आपल्या व्याख्यानातून सांगितली आहे.

आपल्या कार्यालयांतील पदश्रेणी ज्याने आतून पाहिली आहे त्याला याचा अर्थ निराळा सांगायला नको. 'हे तुमच्या श्रेणीचे काम नाही' या वाक्याने किती हात थांबतात! ग्रीनबर्ग यांच्या कार्यालयात ते वाक्य उच्चारले गेले नाही एवढेच झाले. त्या महिलांना रोज कोणते पत्र पाठवायचे, त्यात काय बदलते आणि काय कायम राहते, हे कोणाही अभियंत्यापेक्षा जास्त माहीत होते. साधन हाताशी येताच ते ज्ञान आज्ञावलीत उतरले. माहिती तळाशी असते आणि निर्णयाचा अधिकार वर असतो, ही अर्थशास्त्रातील जुनी अडचण. येथे ती निदान एका खोलीपुरती सुटली होती.

पुढे १९८१ साली जेम्स गॉस्लिंग यांनी युनिक्ससाठी सी भाषेत एक ईमॅक्स लिहिला. तो नंतर एका कंपनीकडे विक्रीस गेला. 'परत द्या' ही जुनी अट तेथे संपली. स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये आपला जीएनयू ईमॅक्स प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या आरंभीच्या आवृत्तीत गॉस्लिंग यांच्या लिखाणाचा काही भाग होता. कंपनीने हरकत घेतल्यावर तो काढून नव्याने लिहावा लागला. या वादांतून आणि ईमॅक्सच्या परवान्यातून १९८९ चा सर्वसाधारण जीएनयू परवाना आकारास आला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

जीएनयू ईमॅक्सची एक तांत्रिक बाब मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती कोणाही प्रशासकाला पटेल. या एडिटरमध्ये आपण लिस्पमध्ये हव्या तितक्या आज्ञावल्या लिहू शकतो. पण मेटा आणि एक्स या कळा दाबून, नाव टंकून, एखादी आज्ञावली थेट बोलवायची असेल, तर तिच्या पोटात 'इंटरॅक्टिव्ह' अशी एक घोषणा असावी लागते. ही घोषणा नसलेली आज्ञावली अस्तित्वात असते, इतर आज्ञावल्या तिचा उपयोगही करतात, पण वापरणाऱ्याला ती अशा रीतीने बोलावता येत नाही. म्हणजे एक अंतर्गत टिप्पणी आणि एक राजपत्रात प्रसिद्ध झालेली अधिसूचना, असा हा भेद आहे. चार ओळींची आज्ञावली असली तरी तिला नाव असते, तिचे एका वाक्यातील वर्णन असते, ही घोषणा असते, आणि मग प्रत्यक्ष कृती.

याच काळात दुसरे एक घराणे वेगळ्या वाटेने निघाले होते. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी 'एड' हा अत्यंत काटकसरी एडिटर लिहिला, आणि बर्कले येथे बिल जॉय यांनी १९७६ पासून 'एक्स' आणि त्यातून 'व्हीआय' उभा केला. यांचे तत्त्व असे की, एडिटरने सगळे स्वतः शिकू नये. यादी अकारविल्हे लावायची आहे? उद्गारचिन्हाची कळ दाबा, कोणत्या ओळी ते सांगा आणि बाहेरच्या 'सॉर्ट' या आज्ञावलीचे नाव द्या. त्या ओळी तिकडे जातात, क्रम लागून परत येतात आणि जुन्या ओळींच्या जागी बसतात. सॉर्टला एडिटरची माहिती नसते, एडिटरला सॉर्टच्या अंतरंगाची नसते. ईमॅक्सची रीत म्हणजे मंत्रालयातच कक्ष उघडणे, तर व्हीआयची रीत म्हणजे अभिप्रायासाठी नस्ती दुसऱ्या मंत्रालयाकडे पाठवणे. पहिलीत कक्ष वाढत जातात. दुसरीत नस्ती परत येईपर्यंत आपण थांबतो. या दोन पक्षांतील कज्जा संगणकाच्या जगात अर्धशतक चालू आहे आणि तो मिटावा अशी कोणाची फारशी इच्छाही दिसत नाही.

आता आपल्या टेबलावर येऊ. सरकारी कार्यालयांत ईमॅक्स किंवा व्हीआय आले नाहीत. आले ते मायक्रोसॉफ्ट वर्ड. विंडोजवरील वर्डमध्ये १९८९ पासूनच 'वर्डबेसिक' नावाची भाषा होती आणि वर्ड ९७ पासून तिची जागा 'व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स'ने घेतली. आपण केलेल्या क्रिया नोंदवून ठेवायच्या, त्यांना नाव द्यायचे, हवी तर एखादी कळ द्यायची. कल्पना तीच, एमआयटीची. पण एक फरक पडला, आणि त्या फरकाने पुढचे सर्व बिघडवले. ईमॅक्समध्ये आज्ञावली मुख्यतः वापरणाऱ्याच्या घरी राहत असे. वर्डमध्ये ती मजकुराच्या फाइलबरोबर प्रवास करू शकत असे. शिवाय 'ऑटोओपन' असे नाव दिलेली आज्ञावली फाइल उघडताच, कोणालाही न विचारता, आपोआप चाले.

१९९५ साली 'कन्सेप्ट' नावाचा विषाणू या वाटेने जगभर पसरला. तो फाइल उघडताच वर्डच्या मूळ साच्यात शिरे आणि तेथून पुढे जतन होणाऱ्या फाइलींत उतरे. फारशी नासधूस त्याने केली नाही. २६ मार्च १९९९ रोजी 'मेलिसा' आला. तो उघडणाऱ्याच्या आउटलुकमधील पत्तेयादीतील पहिल्या पन्नास जणांना स्वतःची प्रत पाठवत असे. अनेक संस्थांना आपली ईमेल यंत्रणा बंद ठेवावी लागली. पत्राच्या पाकिटात पत्रच असते असे आपण धरून चालतो. येथे पाकिटात पत्रासोबत एक आदेश होता, त्यावर कोणाची सही नव्हती, आणि पाकीट फोडणे हीच त्याची अंमलबजावणी होती. (ईमॅक्सही या दोषातून अगदी मुक्त नव्हता. फाइलच्या शेवटी काही आज्ञा लिहून ठेवण्याची सोय त्यातही आहे. पण धोक्याची शंका आल्यास त्या अमलात आणण्यापूर्वी तो वापरणाऱ्याला विचारतो.)

याचा परिणाम आमच्याकडे कसा झाला हे मी जवळून पाहिले आहे. महाराष्ट्राबाहेरील एका कार्यालयात माझ्याकडे एक असिस्टंट होते. त्यांच्यासमोर जुन्या देवनागरी फाँटांतील हजारो पाने युनिकोडमध्ये आणण्याचे काम होते. ज्यांनी ते केले आहे त्यांनाच त्यातील खोच कळेल. जुन्या फाँटांत अक्षरे जशी दिसतात तशी साठवलेली असत. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून ती आधी टंकली जाई. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. तेव्हा आज्ञावलीने नुसते चिन्ह बदलून भागत नाही, वेलांटी उचलून पुढे न्यावी लागते. पुढे म्हणजे किती? एकाच अक्षरापुढे नेली तर 'शक्ति'चे 'शकि्त' होते. अशी वेडीवाकडी जोडाक्षरे आपण सर्वांनी संकेतस्थळांवर पाहिली आहेत. रफाराचे याच्या उलट : तो दिसतो अक्षराच्या डोक्यावर, पण साठवायचा असतो आधी. त्या गृहस्थांनी वर्डमध्ये एक मॅक्रो लिहिला, त्याला अर्ध्या अक्षरांची यादी शिकवली, चुकलेले शब्द सापडतील तसतशी ती वाढवत नेली आणि तो एका कळीला बांधला. ते वाणिज्य शाखेचे पदवीधर होते. आपण प्रोग्रॅमिंग करतो असे त्यांना कधी वाटले नसावे. माझे काही जुने मराठी लेखही त्यांच्याच मॅक्रोने मला पुन्हा वाचता येण्याजोगे करून दिले.

एके दिवशी सुरक्षेच्या कारणावरून सर्व संगणकांवरील मॅक्रो बंद करण्याचा आदेश आला. आदेशाचे कारण रास्त होते, त्याबद्दल मी वाद घालणार नाही. पण त्यात बाहेरून आलेली आज्ञावली आणि कार्यालयातल्याच माणसाने कार्यालयाच्या कामासाठी लिहिलेली आज्ञावली यांत भेद केलेला नव्हता. अपवाद मागण्याची पद्धतही दिलेली नव्हती. मी पत्र लिहिले. उत्तर आले की प्रकरण विचाराधीन आहे. दरम्यान ते गृहस्थ सेवानिवृत्त झाले. त्यांच्या मॅक्रोवर एका वाक्याचेही वर्णन नव्हते, त्याची प्रत कोठे ठेवावी असा नियम नव्हता, आणि त्यांच्यानंतर त्या टेबलावर आलेल्या मुलीने उरलेली पाने हाताने पुन्हा टंकली.

प्रत्यायोजन करायचे तर कोणी, कशाचे, किती मर्यादेपर्यंत आणि कोणाला कळवून, हे सारे लिहिण्यात केंद्र सरकारचा हात धरणारा कोणी नाही. वित्तीय अधिकारांच्या प्रत्यायोजनाचे २०२४ पर्यंत लागू असलेले नियम १९७८ चे होते, म्हणजे योगायोगाने ग्रीनबर्ग यांच्या ईमॅक्सच्याच वर्षीचे. त्यांवर आमच्या अनेक पिढ्या पोसल्या. टाचण्या खरेदी करण्याचा अधिकार कोणाचा हे आम्हाला ठाऊक असते. कर्मचाऱ्याने स्वतःच्या कामासाठी आज्ञावली लिहावी की नाही, लिहिल्यास तिची नोंद कोठे व्हावी, ती तपासून तिच्यावर सही कोणी करावी, याविषयीचा नियम माझ्या सेवाकाळात माझ्या टेबलावर कधी आला नाही. नियम नसल्याने आधी सर्व काही चालले आणि नंतर सर्व काही बंद झाले.

मायक्रोसॉफ्टने हा भेद उशिरा का होईना, केला. ऑफिस २००७ पासून मॅक्रो असलेल्या फाइलचे विस्तारनाम वेगळे झाले, म्हणजे पाकिटावरच 'आत आदेश आहे' असे लिहिले जाऊ लागले. मॅक्रोवर प्रमाणित डिजिटल सही करण्याची सोय तर त्याआधीपासूनच होती. २०२२ साली इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच अडवण्याचे धोरण कंपनीने लागू केले; स्वतःच्या घरी लिहिलेल्या मॅक्रोंना ते लागू नाही.

आज बहुतेक मंत्रालयांत नस्ती ई-ऑफिसवर चालते. तिच्यावरील टिप्पणी ब्राउझरमधील चौकटीत लिहावी लागते, काही ठरावीक शेरे यादीतून निवडताही येतात, पण त्या चौकटीत कर्मचाऱ्याला स्वतःची आज्ञावली बोलावता येत नाही. त्यामुळे असिस्टंट मंडळी काय करतात, तर नेहमी लागणारे परिच्छेद एका वेगळ्या फाइलमध्ये साठवून ठेवतात आणि तेथून उचलून नस्तीत आणून चिकटवतात. बदली झाली की ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जातात.